अकरोटी कोणाला म्हणावे

बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी सर उजव्या हाताची दोन बोटे वाकवून स्वतःच्या टाळूवर ठोकत असत. नारळ पारखणारा मनुष्य जसा कान देऊन ऐकतो, तसे क्षणभर ऐकत आणि म्हणत, "टकटक. आहे जागेवर. चला, आता बोलू या." नवख्याला हा विक्षिप्तपणा वाटे. आम्हा जुन्यांना मात्र ठाऊक होते की हे त्यांचे मंगलाचरण आहे. मी श्लोकाने आरंभ करतो, ते कवटीने करीत.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये आमची घरे एकाच रस्त्यावर, समोरासमोर. मी जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्तीनंतर मुलाकडे आलो. ते तरुणपणीच या देशात आले आणि येथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांना सगळे 'सर' म्हणत आणि त्यांच्या पत्नीला सगळे 'वहिनी'. देवधर्माशी सरांचा संबंध प्रसादापुरता होता. तो मात्र ते आवर्जून दोनदा घेत. वहिनी व्रतस्थ, सोवळ्याच्या. पंचांग पाहिल्यावाचून लोणचेसुद्धा न घालणाऱ्या. असे दोन स्वभाव एका छपराखाली अर्धशतक नांदलेले तुम्हीही कोठेतरी पाहिले असतील. भांडण रोजचे आणि एकमेकांवाचून चैन नाही, अशातला तो संसार होता.

आमच्या ज्येष्ठ मंडळींचा मेळावा दर बुधवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये भरतो. आधी स्तोत्रपठण, ते माझ्याकडे, मग एका सभासदाचे भाषण, मग चहा-पोहे. भाषण सहसा मधुमेह, व्हिसा आणि नातवंडे यांपलीकडे जात नाही. सरांची पाळी आली त्या दिवशी त्यांनी टाळूवर टकटक केली आणि कोटाच्या खिशातून एक काचेची कुपी काढली. तिच्यातल्या द्रवात करंगळीएवढे, फिकट, दोन्ही टोकांना निमुळते असे काहीतरी उभे होते.

"हा ॲम्फिऑक्सस," सर म्हणाले. "समुद्रकाठच्या वाळूत पुरून घेतो, तोंड तेवढं बाहेर. पाण्याबरोबर येईल ते गाळून खातो. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. याच्या पाठीतून एक लवचिक दोरी जाते. आईच्या पोटात असताना आपल्यालाही तशीच दोरी असते, मग तिच्या जागी कणा येतो. म्हणजे हा आपल्या घराण्यातला. पण याला कवटी नाही. करोटी म्हणजे कवटी. ती नाही म्हणून हा अकरोटी."

मोटारीच्या कारखान्यात जन्म काढलेले एक इंजिनियर गृहस्थ मागून म्हणाले, "सर, आमच्या कंपनीत वरच्या मजल्यावर सगळे अकरोटीच बसायचे हो!"

"नाही, नाही. त्यांना कवटी होती. आत काय होतं, तो विषय वेगळा."

हशा ओसरल्यावर एका डॉक्टरबाईंनी शंका काढली. "मग झुरळही अकरोटीच की. त्याला तरी कुठे कवटी आहे?"

सरांचा चेहरा असा उजळला की जणू त्या बाईंनी त्यांना आहेर केला. "वा! झुरळाला नाही, गांडुळाला नाही, शिंपल्याला नाही. पण त्यांना कोणी अकरोटी म्हणत नाही. का? तर त्यांच्याकडून कवटीची अपेक्षाच नाही. या खोलीत हत्ती नाही, अशी तक्रार कोणी करतं का? पण चहात साखर नसली की लगेच ओरड होते."

"साखर तुमच्याच चहात नाही," वहिनी किटलीपाशी उभ्या होत्या, तेथून म्हणाल्या. "आणि नसणारच आहे."

सरांनी तो निर्णय मान लववून स्वीकारला आणि पुढे म्हणाले, "नव्या पुस्तकांत हे नाव मागे पडत चाललं आहे. बरंच झालं. बिचाऱ्याकडे जे आहे ते सांगायचं सोडून जे नाही त्यावरून त्याला ओळखायचं! त्याला काही कमी नाही. कोट्यवधी वर्षं कवटीवाचून सुखात आहे."

मला राहवले नाही. मी म्हणालो, "सर, आम्ही परमेश्वरालाही असेच ओळखतो. निराकार, निर्गुण, अनादि, अनंत. सगळे 'नाही'चेच शब्द आहेत. 'नाही' म्हणणे हा नेहमीच उणेपणा नसतो. कधी कधी तो नमस्कार असतो."

सरांनी कुपी डोळ्यांसमोर धरली. "बाळा, शास्त्रीबुवांनी तुला कोणाच्या पंक्तीला बसवलं बघ!"

परतताना ते माझ्याबरोबर चालत आले. 'नाही' या विषयावर आमच्याकडे काय विचार झाला आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना न्यायशास्त्रातले अभावाचे प्रकार सांगितले. घडा घडण्यापूर्वी मातीत त्याचा जो अभाव असतो, तो प्रागभाव. घडा फुटल्यावरचा, तो प्रध्वंसाभाव. वायूला रूप नाही, कधी नव्हते आणि कधी असणार नाही, तो अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. त्यांनी हे माझ्याकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतले, विद्यार्थ्यासारखे. शेवटी त्यांच्या फाटकापाशी थांबून म्हणाले, "म्हणजे माझ्या प्राण्याच्या ठिकाणी कवटीचा अत्यंताभाव! काय नेमकं बोलत होती हो ही माणसं."

त्याच हिवाळ्यात, एका सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेत असता सर बर्फावर घसरले. डबा गडगडत रस्त्यापर्यंत पोहोचला, सर पोहोचले नाहीत. डोक्याच्या आत रक्तस्राव झाला, मेंदूला सूज आली, आणि त्या सुजेला वाव मिळावा म्हणून शल्यविशारदांनी डाव्या बाजूचा कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून वेगळा ठेवला. सूज पूर्ण ओसरून जखम भरली की तो परत बसवायचा, अशी योजना होती.

शुद्धीवर आल्यानंतरही सर कित्येक दिवस बोलले नाहीत. वहिनी पलंगाशी बसून राहत. ते त्यांच्याकडे पाहत, पण बसथांब्यावरच्या अनोळखी बाईकडे पाहावे तसे. आम्ही भेटायला जात असू आणि काय बोलावे ते न कळून फळे ठेवून परत येत असू. मग एका दुपारी त्यांनी ओठ हलवले आणि म्हणाले, "चहा. साखर घालून." वहिनी मला सांगताना रडत होत्या आणि हसत होत्या. "साखर मागितली, शास्त्रीबुवा. म्हणजे तेच आहेत. दुसरं कोणी नाही."

घरी आले ते हेल्मेट घालून. डावीकडे कातडीखाली हाडच नव्हते, त्यामुळे उठता-बसता ते डोक्यावर असावे लागे. वाणी हळूहळू परतली, आणि तिच्याबरोबर खोडीही. थंडी जराशी मोडल्यावर ते फिरू लागले. शेजारच्या अमेरिकन गृहस्थाने विचारले, सायकल कुठे आहे? सर गंभीरपणे उत्तरले, "चोरीला गेली. एवढंच वाचलं." हाड कोठे आहे असे कोणी विचारले की म्हणत, "हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये. मटारांच्या शेजारी." मात्र बोलण्यापूर्वी त्यांचा उजवा हात सवयीने वर जाई, हेल्मेटला लागे आणि तसाच खाली येई.

पाडव्याच्या दिवशी मी गुढीचा प्रसाद घेऊन गेलो, तेव्हा सर ओट्यावर एकटेच बसले होते. त्यांनी प्रसाद एकदाच घेतला. मी विचारले, बरे आहे ना?

"आज अभ्यंग होतं," ते म्हणाले. "पाठीला तेल लावलं, पायांना लावलं. डोक्याशी आली आणि वाटी खाली ठेवली तिने. लग्न झाल्यापासून एक पाडवा चुकला नव्हता, एक दिवाळी चुकली नव्हती." मग म्हणाले, "तिचंही बरोबर आहे. तिथे बोट ठेवलं तर आतलं उडताना कळतं."

त्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलने हाड बसवण्याची तारीख कळवली, आणि आमच्या रस्त्यावर एक विलक्षण नाट्य सुरू झाले.

दुपारी वहिनी आल्या. डिंकाचे लाडू आणले होते, म्हणजे काम मोठे होते. "शास्त्रीबुवा, पंचांगात एखादा वाईट दिवस निघेल का हो?"

"लोक चांगला दिवस विचारतात, वहिनी."

"मला वाईटच हवाय. त्यांनी जी तारीख दिलीय ना, ती वाईट आहे म्हणा. हा महिना बरा नाही, पुढचाही नाही, असं म्हणा. तुमचा शब्द मी मोडत नाही हे ह्यांना माहीत आहे. ते माझ्यावर रागावणार नाहीत."

"आणि खरोखरच वाईट नसला तर?"

त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "ते चालताहेत, बोलताहेत, टोमणे मारताहेत. मिळालंय तेवढं पुरे मला. परत त्या खोलीत न्यायचं, परत ते तशा नजरेने माझ्याकडे बघणार... एकदा बघितली ती नजर मी. दुसऱ्यांदा नको."

मी पंचांग पाहतो, एवढेच म्हणालो.

सायंकाळी सर आले. हेल्मेटवर त्यांनी लोकरीची टोपी चढवली होती, त्यामुळे डोके भोपळ्याएवढे दिसत होते. दारातच म्हणाले, "शास्त्रीबुवा, एक फर्स्ट क्लास मुहूर्त काढून द्या."

"तुम्हाला? मुहूर्त?"

"मला कशाला? तिला. दिवस उत्तम आहे असं तुम्ही म्हणालात की ती हो म्हणेल. मी म्हणालो तर प्राणिशास्त्र, तुम्ही म्हणालात तर वेदवाक्य."

"आणि दिवस उत्तम निघाला नाही तर?"

"तर काढा की! तुमचा हात कोणी धरलाय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "ती झोपत नाही हो. मी कुशीवर वळलो की उठून बसते आणि डोक्याखाली उशी सरळ करते. दिवसभर माझ्या पाठीमागे दोन पावलांवर चालते. असं किती दिवस?"

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केले असते? दोघांची मागणी प्रेमाची होती, आणि दोघांनाही माझ्याकडून असत्यच हवे होते. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, देवापुढे हात जोडून मी पंचांग उघडले, जे होते ते वाचले आणि रस्ता ओलांडला.

दोघे जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. त्यांची मुलगी नोव्हाय या गावी असते. ती फोनवर होती आणि फोन टेबलावर उघडा ठेवलेला होता. दोघांनीही माझ्याकडे गुप्त आशेने पाहिले.

"त्या दिवशी दोष काही नाही," मी म्हणालो. "विशेष गुणही काही नाही. साधा मंगळवार आहे."

दोघांचीही घोर निराशा झाली. पण वहिनींनी तेवढ्यातूनही धागा काढला. "मंगळवार! मंगळवारी आमच्याकडे केससुद्धा कापत नाहीत, आणि डोकं उघडायचं?"

"मंगळवार गणपतीचा वार आहे, वहिनी."

"बघ!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "त्यांना तर डोकं दुसऱ्याचं बसवलं, तरी पहिल्या पूजेचा मान त्यांचा. माझं तर माझंच हाड आहे."

फोनमधून मुलगी म्हणाली, "आई, प्लीज. सर्जन खूप चांगला आहे. आय चेक्ड. डेट कॅन्सल करायची नाही, ओके?"

"तू मध्ये बोलू नकोस," वहिनी म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "इतकी वर्षं मी ऐकतेय. तो तुमचा वाळूतला प्राणी. कवटी नाही म्हणून त्याला काही कमी नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरता. मेळाव्यातसुद्धा सांगितलंत. मग तुम्हाला काय कमी आहे? राहा ना तसेच. मी आहे ना वाळूसारखी भोवती!"

सरांनीच शिकवलेला पाठ त्यांच्यासमोर उभा होता, आणि तो घरातल्या माणसाने इतका मन लावून ऐकला असेल याची त्यांना कल्पना नसावी. त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"अगं, त्याला वाळू पुरते," ते म्हणाले. "त्याला कवटी कधी नव्हतीच. तिच्यावाचून जगायलाच घडलाय तो. आत जपावं असं फार काही नाही. त्याला कचऱ्याचा डबा ओढायचा नसतो, शास्त्रीबुवांशी वाद घालायचा नसतो, बायको ओळखायची नसते. अकरोटी हे नाव त्याचं. ज्याला होती आणि गेली, त्याला ते लावत नाहीत. मी लावून घेतलं तर ती लबाडी होईल." मग माझ्याकडे वळले. "शास्त्रीबुवा, माझा अभाव कुठला? ते तरी सांगा."

मी विचार केला. "प्रध्वंसाभाव म्हणणार होतो. पण घडा फुटलेला नाही. फक्त दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला आहे."

"मग तो घरी आणायला नको का?" सर वहिनींना म्हणाले. त्यात वादाचा सूर नव्हता. "हेल्मेटचं मला काही वाटत नाही. जन्मभर घालीन. पण तू माझ्या डोक्याला हात लावत नाहीस. ते मला सोसत नाही."

वहिनी उठून आत गेल्या. नळाचे पाणी बराच वेळ वाहत राहिले. फोनमधून मुलीने विचारले, "काय झालं? हॅलो? कोणी तरी बोला ना." सरांनी फोनवर हळूच हात ठेवला, लहान मुलाला थोपटावे तसा.

वहिनी दारात आल्या. "आणि परत ओळखलं नाहीत तर?"

सर खोटे आश्वासन देऊ शकले असते. आपण पुष्कळजण देतो. ते म्हणाले, "तर तू ओळख करून दे. नाव सांग, गाव सांग, मी साखर चोरून खातो ते सांग. मी पहिल्यांदा पटलो होतो, दुसऱ्यांदाही पटेन."

"पहिल्यांदा मीच फसले होते," वहिनी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मग फोनकडे पाहून, "तू सोमवारीच ये गं. आणि गाडी हळू चालव."

तो साधा मंगळवार आम्ही हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात काढला. वहिनी एका खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मी मनातल्या मनात जप करीत होतो, आणि मुलगी कॉफीचे पेले आणून ते न पिता ओतून टाकीत होती. शल्यविशारद बाहेर आले, हसले, सर्व नीट झाले म्हणाले. वहिनींनी ते ऐकले, पण त्यांच्या मुद्रेवर काही उमटले नाही; त्यांचा प्रश्न शल्यविशारदांकडे नव्हताच.

सरांना भेटण्याची परवानगी मिळाली, तेव्हा वहिनी पलंगाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराशी थांबलो. सरांनी डोळे उघडले. पांढऱ्या पट्ट्यांखालून त्यांनी वहिनींकडे पाहिले, आणि पाहतच राहिले. ओळख करून देण्याचे ठरले होते, पण वहिनी नुसती चादरीची कड सरळ करीत राहिल्या. मग सरांनी त्यांना नावाने हाक मारली. आमच्या पिढीतल्या माणसाने चारचौघांत कधी न उच्चारलेले ते नाव मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. ते मी येथे लिहीत नाही. ते त्या दोघांचे आहे.

पुढल्या वर्षी दोघे मुलीकडे नोव्हायला गेले. तेथेही त्यांनी एक बुधवारचा मेळावा जमवला, कुपी दाखवली, आणि फोन करून तेथल्या मंडळींच्या शंका मला तपशीलवार सांगितल्या. गेल्या हिवाळ्यात, पिकले पान गळावे तसे, सर शांतपणे गेले. वहिनी तेथेच आहेत. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपे राहते. भली माणसे आहेत, मला पाहून हात हलवतात.

सर-वहिनींची आठवण निघाली की मला मात्र त्या शस्त्रक्रियेनंतरची दिवाळी दिसते. नरक चतुर्दशीच्या पहाटे सुनेने केलेले अनारसे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर गवतावर हिवाची पांढरी साय धरली होती. दार नुसते लोटलेले होते. स्वयंपाकघरात खुर्चीवर सर बसले होते, खांद्यावर पंचा, डोक्यावर नव्याने उगवलेले आखूड पांढरे केस आणि त्यांतून कानामागे वळत गेलेली एक लांब रेघ. वहिनींच्या हातात कोमट तेलाची वाटी होती.

"या, शास्त्रीबुवा," सर डोके न हलवता म्हणाले. "एक गंमत सांगायची राहिली होती. आपला तो वाळूतला प्राणी ज्या पंडिताने पहिल्यांदा पाहिला ना, त्याला ती एक प्रकारची गोगलगायच वाटली. आता बघा, पाठीला हात लावून पाहिलं असतं तर..."

वहिनींनी तेल तळहातावर घेतले, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि त्यांच्या डोक्यावर ठेवले. उजवीकडून बोटे फिरत फिरत डावीकडे गेली, त्या रेघेपाशी आली, थांबली. मग रेघ ओलांडून पलीकडे गेली.

"हलू नका," त्या म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटले. गोगलगाईचे वाक्य तसेच अर्धे राहिले. तेलाचा एक ओघळ कपाळावरून भुवईत उतरला, तो पुसण्याचे भान दोघांनाही नव्हते. मी अनारशांचे ताट टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन दार हलकेच ओढून घेतले.